ब्रेकमास्तरांचा पाय

ब्रेकमास्तरांच्या जेवणाच्या टेबलाखाली फरशीला खळगा पडलाय, असं त्यांची बायको येईल त्याला सांगते. आता हे खोटं. दगडी फरशी झिजवायला मास्तर काही हत्ती नव्हेत. पण कुणी पाण्याचा जग टेबलाच्या अगदी कडेला नेऊन ठेवला, की मास्तरांचा उजवा पाय खाली खट्‌कन दाबला जातो, हे मात्र खरं. जिन्यावरून पोर धावत उतरली, दाबला पाय. शेजारीण तावातावाने बोलायला लागली, दाबला पाय. एकदा सिनेमात एक घोडा उधळून कड्याच्या दिशेने निघाला, तेव्हा मास्तरांनी पुढच्या खुर्चीला अशी काही लाथ हाणली, की त्या खुर्चीतला गृहस्थ उरलेला सगळा सिनेमा पडद्याकडे पाठ करून भांडत बसला.

या माणसाने उमेदीची सगळी वर्षं शेजारच्या सीटवर घालवली होती. गावात ज्याला म्हणून गाडी येते, त्यातल्या बहुतेकांना ती मास्तरांनी शिकवलेली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, गियर दुसऱ्याच्या हातात, आणि मास्तरांच्या वाट्याला फक्त एक ब्रेक. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे असा एक जादा ब्रेक असतो. तो एका दांड्याने मुख्य ब्रेकला जोडलेला. मास्तराने तो दाबला, की शिकणाऱ्याची मर्जी असो नसो, गाडी जागच्या जागी. त्यावरूनच त्यांना ब्रेकमास्तर नाव पडलं आणि खरं नाव दारावरच्या पाटीपुरतं उरलं.

गाडीचं नाव खेकडी. ती काही आकारावरून पडलेली नव्हती. नवशिक्यांच्या हातात ती सरळ अशी कधी गेलीच नाही, तिरपीच चालायची, म्हणून खेकडी.

तो जादा ब्रेक सुरुवातीला नव्हता. मास्तर तेव्हा तरणे होते आणि आपल्या जिभेवर त्यांचा फार भरवसा होता. मी ओरडलो की कुणीही थांबेल, असं त्यांना वाटायचं. एके सकाळी एक धान्याचा दुकानदार शिकायला बसला आणि मास्तर ओरडले तसा घाबरून त्याने ब्रेकच्या ऐवजी दुसरंच पेडल दाबलं. खेकडी थेट न्हाव्याच्या दुकानात घुसली. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक गळ्यात फडकं तसंच घेऊन पळालं, आणि पुढे कितीतरी दिवस गाव त्यावर हसलं. मास्तरही हसले. पण दुकानाच्या पायरीवर न्हाव्याची लहान मुलगी खेळत बसलेली असायची. ती त्या दिवशी तहान लागली म्हणून आत उठून गेली होती. गाडीचं चाक बरोबर त्या पायरीवर, तिच्या खेळण्याच्या भांड्यांवर उभं होतं. ती चपटी झालेली इवलीशी कढई मास्तरांनी पाहिली आणि त्याच दिवशी हाताने भोकं पाडून, नट आवळून तो ब्रेक बसवला. पोरीला तहान लागली नसती तर, हे वाक्य त्यांनी कधी कुणाजवळ पुरं केलं नाही. ते पायातच राहिलं.

आणि शेवटी पायानेच दगा दिला. आधी मुंग्या यायच्या, मग तळवा बधिर झाला. चप्पल पायातून निघून मागे राहायची आणि मास्तर तसेच पुढे. बायको मागून ओरडायची, "अहो, एक पाय घरीच विसरलात!" डॉक्टरांनी सांगितलं, आता शिकवणं बंद. मास्तरांनी शिकवणं बंद केलं, पण पाय किती बधिर झालाय ते घरात खरं सांगितलं नाही. "जरा जड वाटतो," एवढंच. खेकडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, अंगावर जुनी पोती घेऊन. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायला लागली.

बायकोचा धंदा रोपांचा. मिरची, झेंडू, वांगी, काय लागेल त्याची रोपं करून विकायची. तिला ती शेड हवी होती. भंगारवाल्याशी तिचं बोलणंही झालेलं. आणि इथे मधे पडली चिमटी.

चिमटी म्हणजे मास्तरांची धाकटी. वय चौदा, अंगापिंडाने काडी, पण एखाद्या गोष्टीला धरलं की सोडायची नाही, म्हणून चिमटी. मोठी लग्न होऊन गेली होती, तिला गाड्यांचं काही नव्हतं. ही मात्र शाळेची मोठी सुट्टी लागली त्याच दिवशी बापापुढे उभी राहिली.

"अप्पा, खेकडी मला द्या."

"कशाला? अंडी उबवायला?"

"चालू करणार. माझी पहिली गाडी."

"लायसन निघायला अजून किती वर्षं आहेत, माहितीये?"

"तोवर गिरणीच्या मैदानात चालवीन. कुंपणाच्या बाहेर नेणार नाही."

बायको रोपांच्या पिशव्यांत माती भरता भरता म्हणाली, "चालू करायला ती काय पंखा आहे, बटण दाबलं की फिरली?"

मास्तरांना हसू आलं आणि हसण्याच्या भरात ते बोलून गेले, "बरं. सुट्टी संपायच्या आत चालू कर. मी शेजारी बसेन. मैदानाची एक अख्खी फेरी न अडता मारलीस, तर खेकडी तुझी. नाहीतर भंगारवाल्याची."

"आणि तो जादा ब्रेक मी काढणार. माझ्या गाडीला दोन ब्रेक कशाला?"

मास्तरांचं हसू तिथल्या तिथे पुसलं गेलं. "त्याला हात लावायचा नाही. तो निघाला तर गाडीही निघाली दारातून."

झालं. दुसऱ्या दिवसापासून शेडमधून ठोकाठोकी ऐकू यायला लागली.

मदतीला मामा आला. म्हणजे मास्तरांचा मेहुणा. गिरणी चालू होती तेव्हा तिथे फिटर होता, गिरणी बंद पडल्यावर जगातली प्रत्येक मोडकी वस्तू आपल्याचसाठी मोडलीय असं समजून फिरायचा. त्याने पहिल्यांदा बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि परत लावलं.

"काय झालं मामा?"

"उंदराचा संसार आहे गं. बाळंतीण दिसतेय. दोन दिवस थांबू."

थांबले खरंच. मग काम धरलं. टाकीतलं जुनं पेट्रोल गूळ झालं होतं, ते खरवडून काढलं. कार्बोरेटर उघडून त्याचे बारके बारके भाग चिमटीने आईच्या चहाच्या गाळणीत घालून धुतले, आणि तो चहा पुढे आठवडाभर सगळ्यांनी नाक मुरडत प्यायला. दाराचा पत्रा खालून कुजला होता, तिथे मामाने जुन्या डब्याचा तुकडा जोडला, वर खड्डे बुजवायची लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली. घासण्याचं काम चिमटीचं. तिच्या बोटांची सालं निघाली. आई म्हणाली, "ताट घासायला सांगितलं की हात दुखतात हिचे."

मास्तर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. हात लावायचा नाही असं ठरवून बसलेले, पण तोंड कोण आवरणार?

"तो प्लग असा आवळतात का? लोणच्याच्या बरणीचं झाकण आहे का ते?"

"भाऊजी," मामा गाडीखालून म्हणायचा, "तुम्ही खेकडीला जन्मभर नुसतं थांबवलंत. चालवायचं कसं ते आम्ही बघतो."

यावर मास्तर खुर्ची जरा मागे सरकवायचे. थट्टाच ती, पण लागायची.

बातमी गावात गेली तसे जुने शिष्य डोकवायला लागले. बसवाला आला, जुने पण धडके टायर देऊन गेला. जाताना सवयीने खेकडीभोवती एक चक्कर मारून, वाकून खाली बघून गेला. मास्तरांची ही शिकवण होती, गाडीत बसायच्या आधी भोवती फिरायचं आणि चाकांखाली बघायचं. का, ते मास्तर सांगायचे नाहीत. दातांची डॉक्टरीण आली, तिने पर्समधून चाकाची टोपी काढून टेबलावर ठेवली. चकचकीत, मधे पोचा.

"मास्तर, ही माझ्या पहिल्याच दिवशी निघाली होती. तुम्ही ओरडाल म्हणून लपवली."

"आणि मी बिचाऱ्या पंक्चरवाल्याला चोर म्हटलं!"

"माहितीये. म्हणून तर इतकी वर्षं आणून दिली नाही."

टोपी बसली. सीटचं फाटकं कापड आईने मशीनवर शिवून दिलं, पोत्याच्या रंगाचं, काठाला हिरवी पट्टी. देताना म्हणाली, "भंगारात जायचीय तर निदान नीटनेटकी जाऊ दे." आणि एका दुपारी खेकडी खोकली, काळा धूर ओकली, कोंबड्या पार कुंपणापलीकडे गेल्या, आणि इंजिन लागलं. चिमटी नाचली नाही की ओरडली नाही. ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसून राहिली, जसं काही सोडलं तर कुणी घेऊन जाईल.

परीक्षेला मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. मैदान म्हणजे बंद गिरणीच्या मागची, घराच्या कुंपणाला लागून असलेली मोकळी जागा, त्यांची जुनी शाळाच. चिमटीने भोवती चक्कर मारली, चाकांखाली पाहिलं. मास्तर शेजारी बसले. सीट अंगाला ओळखीची वाटली. गाडी सुटली, भिंतीपर्यंत झकास गेली, वळणावर कण्हायला लागली. पुढे जळका वास. चाकांतून धूर. इंजिन बंद.

मामाने चारी चाकं उघडली. आत सगळं ठाकठीक. शेडमध्ये ढकलून बघितली, तर पोरीच्या एका हाताने सरकत होती.

दुसऱ्या खेपेलाही तेच. वळण आलं, कण्हली, तापली, मेली.

मग मामा आणि चिमटी दोघंच बसून गेले, तर खेकडी मैदानभर हरणासारखी पळाली. मामा डोकं खाजवत म्हणाला, "भाऊजी, तुमच्या वजनाने होत असावं. राग मानू नका, पण सुटलायत जरा."

म्हणून रोपांच्या मातीचं एक भरलेलं पोतं मास्तरांच्या सीटवर ठेवलं. पोत्याला घेऊन गाडीने हसत हसत फेरी पुरी केली.

"म्हणजे मी मातीच्या पोत्याहून वाईट!" मास्तर म्हणाले.

"पोतं बोलत नाही," बायको कुंपणावरून म्हणाली.

सगळे हसले. चिमटी हसली नाही. ती पोत्याकडे बघत होती. मग वाकून तिने सीटपुढची जागा बघितली, आणि गाडी शेडकडे घेतली.

खरं सांगायचं तर, गाडी अडली की मास्तरांना आत कुठेतरी बरं वाटायचं. पोरीचं तोंड उतरलेलं बघून जीव तुटायचा, तेही खरं. पण खेकडी भंगारात गेली, तर चिमटी उद्या कुठल्या वळणावर, कुठल्या पायरीसमोर काय करेल याचा घोर नाही. दोन्ही एकाच छातीत. माणसाचं असंच असतं, त्याला लाजून चालत नाही.

सुट्टीचा शेवटचा दिवस आला. शेवटची खेप. मास्तर सकाळीच जाऊन बसले. गाडीत ताज्या रंगाचा वास येत होता.

"आता काय रंगवलंस?"

"आतला गंज होता, त्यावर हात मारला," चिमटी म्हणाली. बापाकडे न बघता.

खेकडी सुटली. मास्तरांनी या वेळी मनापासून ठरवलं होतं की पोरीला जमू दे. हात मांडीवर, नजर समोर, तोंड बंद. पण वळण आलं, गिरणीची पडकी भिंत अंगावर यायला लागली, भिंतीकडेला कुणाची शेळी उभी होती, आणि खेकडी कण्हली. वास आला. धूर आला. भिंतीच्या बऱ्याच अलीकडे ती मेली.

मास्तर उतरले. "बस झालं. भंगारवाल्याला निरोप धाडा," असं म्हणून ते चालत घराकडे निघाले. चिमटी गाडीतच बसून राहिली. मास्तरांना वाटलं, रडेल, भांडेल. तसलं काही झालं नाही. ती बापाच्या पाठीकडेही बघत नव्हती. त्यांच्या पायांकडे बघत होती.

घरात शिरले आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मागून बायकोचा आवाज आला.

"अहो, थांबा! आत्ता फरशी पुसलीय मी! हे काय केलंत?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. उंबऱ्यापासून पाण्याच्या माठापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटत आले होते. एका पायाचेच. उजव्या. आणि ठसा काही चपलेचा नव्हता. चौकोनी, आडव्या रेघांचा. तो चौकोन मास्तरांनी डोळे मिटूनही ओळखला असता. इतकी वर्षं पायाखाली होता.

ते खुर्चीत बसले. चप्पल काढून उलटी केली. तिच्या तळावर ब्रेकचं पेडल जसंच्या तसं छापलेलं, रेघ न रेघ. नुसता पाय ठेवून इतका खोल ठसा उमटत नाही. दाबावं लागतं. चांगलं जोर लावून दाबावं लागतं.

"मी दाबलाच नाही," मास्तर म्हणाले. मग चप्पल हातात फिरवत, "मला कळलंच नाही."

बायकोने ओलं फडकं हातात तसंच धरलं. "मला माहितीये. रात्री झोपेत दाबता, तेव्हा तरी कुठे कळतं? माझ्या पोटऱ्या बघा एकदा."

"पाय पार गेलाय गं. काहीच लागत नाही खाली."

"तेही माहितीये. चप्पल मागे राहते तेव्हा काय मी आंधळी असते?" ती खाली बसून ठसे पुसायला लागली. "उठू नका आता. आधी पाय पुसा. मग काय करायचं ते करा."

मास्तर शेडमध्ये गेले तेव्हा चिमटी आणि मामा खेकडीला ढकलत आणत होते. मामाने तोंड उघडलं, पण मास्तरांच्या हातातली चप्पल बघून परत मिटलं.

"रंग कशावर मारलास?" मास्तरांनी विचारलं.

"गंज होता अप्पा. खरंच होता." चिमटीचा आवाज बारीक झाला. "माझं पेडल आपोआप खाली जात होतं. तुम्ही बसलात की. मला वाटलं, सांगितलं तर तुम्हाला..."

"मला काय?"

"वाईट वाटेल."

"आणि फरशी लाल झाल्यावर बरं वाटेल होय?"

मास्तरांनी मामाकडे हात केला, "पाना दे." मग गुडघे मोडून, दाराला धरून, कसेबसे त्या सीटपुढे वाकले. त्यांनीच आवळलेले नट. न्हाव्याच्या दुकानाच्या त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता. त्यांनी जोर केला, नट हलला नाही. पुन्हा केला. कपाळावर घाम आला.

"ये इकडे," ते म्हणाले. "तुझी बोटं बारीक आहेत. मी पाना धरतो, तू मागून रेट. तेल सोड आधी. आणि हळू, नाहीतर आटे जातील."

नट किंचाळला आणि सुटला. मग दुसरा. दांडा निखळून खाली पडला. चिमटीने तो लाल ब्रेक हातात घेतला आणि तिला तो कुठे ठेवावा कळेना.

"आईला दे," मास्तर म्हणाले. "तिच्या शेडचं दार वाऱ्याने आपटतं म्हणते. टेकू म्हणून लावायला होईल."

"शेड? पण शेडमध्ये तर..."

"तुझी गाडी दारात उभी राहील. शेड आईची. आता पळ, उजेड आहे तोवर."

परीक्षा पुन्हा झाली. मास्तर बसले नाहीत. शेजारी आई बसली, मातीचे हात पुसून. जन्मात नवऱ्याने तिला गाडी शिकवली नव्हती. बसताना म्हणाली, "मला ओरडता येत नाही, एवढं लक्षात ठेव." चिमटीने भोवती चक्कर मारली, वाकून चाकांखाली पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

मास्तर मैदानाच्या कडेला उभे राहिले. तोवर भंगारवाला आपला टेम्पो घेऊन आला होता. तोही जुना शिष्यच. शेजारी येऊन उभा राहिला.

खेकडी सुटली. सरळ गेली, खेकडीच्या मानाने. भिंत जवळ आली. ती शेळी अजून तिथेच होती, आणि नेमकी आता तिला रस्ता ओलांडायची हुक्की आली. मास्तरांचा पाय धुळीत रुतला. गाडी तशीच पुढे. मग तिचं नाक खाली झालं, मागून धूळ उठली, आणि खेकडी थांबली. मास्तरांच्या पायापेक्षा जरा उशिरा. पण वेळेत. शेळी सावकाश पलीकडे गेली. आईचा हात खिडकीतून बाहेर येऊन शेळीला काहीतरी सांगत होता. मग गाडीने पुन्हा वेग घेतला आणि वळण पार केलं.

भंगारवाल्याने खाली पाहिलं. मास्तरांच्या उजव्या पायाखाली धुळीत चांगला खळगा झाला होता.

"मास्तर, काय दाबताय एवढं?"

"मुंगी होती."

"मेली का?"

मास्तरांचा पाय पुन्हा दाबला गेला. दुसरं वळण आलं होतं.